न खाता वाढलेलं वजन

१९१९ साली इंग्लंडमध्ये ७४ वर्षांची एक बाई हृदयविकाराने वारली. त्या काळाच्या मानाने चांगलंच आयुष्य. पुढच्या वर्षी तिच्या डॉक्टरांनी तिच्यावर एक लेख लिहिला आणि त्यात एक विचित्र हिशोब मांडला. आयुष्याची शेवटची २८ वर्षं या बाईंना जगवण्यासाठी ८७०हून जास्त मेंढ्यांच्या गळ्यातल्या ग्रंथी कामी आल्या होत्या.

डॉक्टरांचं नाव जॉर्ज रेडमेन मरे, गाव न्यूकॅसल. १८९१ साली ही बाई त्यांच्याकडे आली तेव्हा ती ४६ वर्षांची होती आणि चार-पाच वर्षांपासून हळूहळू सुजत चालली होती. चेहरा आणि हात जाड झालेले, बोलणं संथ आणि जड, घाम येत नाही, थंडी सोसवत नाही, अनोळखी माणसासमोर जायची इच्छा नाही. पंचवीसेक वर्षं आधी ती जन्मली असती, तर तिच्या दुखण्याला नावही मिळालं नसतं. आळस, वय, बाळंतपणं, खाण्यापिण्याचा शौक असं काहीतरी कारण सांगून तिला घरी पाठवलं गेलं असतं.

आपल्याकडे हल्ली वजनाचा विषय निघाला की तिसऱ्या वाक्यात कोणीतरी ‘थायरॉइड चेक केलंस का?’ असं विचारतंच. हा प्रश्न इतका साधा होण्याआधी काय काय घडावं लागलं, त्याची ही गोष्ट आहे. माझ्या मते ती ग्रंथीची जेवढी आहे तेवढीच विश्वासाचीही आहे. ‘मी फार खात नाही, तरी वाढतेय’ असं म्हणणाऱ्या माणसाचं ऐकायचं की नाही, हा तिच्यातला मुख्य पेच.

जुना आरोप

वजन खाण्याने वाढतं, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या २१व्या अध्यायात आठ प्रकारची निंदित शरीरं सांगितली आहेत. अति उंच, अति बुटका, अति केसाळ, बिनकेसाचा अशा मंडळींच्या रांगेत अतिस्थूल माणूसही उभा आहे. त्याची कारणं म्हणून जड, गोड, थंड आणि स्निग्ध पदार्थ भरपूर खाणं, व्यायाम न करणं, दिवसा झोपणं, सदा आनंदात असणं आणि चिंता न करणं अशी यादी दिली आहे. (चिंता न करून वजन वाढलेला माणूस आयटीत तरी माझ्या पाहण्यात नाही.) यादीच्या शेवटी मात्र एक शब्द येतो: बीजस्वभाव. म्हणजे आईबापांकडून आलेलं. बाकीच्या सगळ्या कारणांत माणसाचं वागणं आहे, या एकात नाही. त्यावर पुढे फारसा विचार झाला नाही, पण लिहिणाऱ्याच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं, एवढं खरं.

एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये हा विषय गाजवला तो विल्यम बँटिंग या गृहस्थाने. धंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा, उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड. होडी वल्हवून झाली, औषधं घेऊन झाली, डॉक्टर बदलून झाले. शेवटी कानाच्या तक्रारीसाठी गाठलेल्या विल्यम हार्वे नावाच्या डॉक्टरने पाव, साखर, बटाटे आणि बिअर बंद करायला सांगितलं. साधारण वर्षभरात ४६ पौंड उतरले. बँटिंगने १८६३ साली स्वखर्चाने एक पुस्तिका काढली. ती इतकी खपली की त्याच्या आडनावाचं इंग्रजीत क्रियापद झालं. स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही त्याच्याच नावावरून आलेलं क्रियापद वापरतात.

बँटिंग खोटं बोलत नव्हता. त्याला लागू पडलेला उपाय पुष्कळांना लागू पडतो. पण त्याच्या यशाने एक समज पक्का केला: उपाय सापडला आहे, त्यामुळे आता ज्याचं वजन उतरत नाही तो उपाय करतच नसणार.

गोल झालेला चेहरा

बँटिंगच्या पुस्तिकेला दहा वर्षं झाली तेव्हा, १८७३ साली, लंडनच्या क्लिनिकल सोसायटीत सर विल्यम गल यांनी पाच बायकांविषयी एक निबंध वाचला. गल हे गाइज हॉस्पिटलमधले त्या काळातले बडे प्रस्थ. योगायोग असा की त्याच वर्षी त्यांनी अन्न टाकून वाळत जाणाऱ्या मुलींवरही निबंध वाचला आणि त्या आजाराला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं. म्हणजे न खाता रोडावणाऱ्या आणि कारण नसताना फुगणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या बायकांकडे एकच माणूस लक्ष देऊन बघत होता.

त्यांच्या पाच रुग्णांपैकी एकीची पाळी गेल्यानंतर ती हळूहळू मंद होत गेली आणि तिचं आकारमान वाढत गेलं. वर्षामागून वर्ष हे चालू राहिलं. लांबट चेहरा गोल झाला. त्याचं वर्णन करताना गल यांना उगवत्या पूर्णचंद्राची उपमा सुचली. जीभ जाड, आवाज बदललेला, स्वभावातली चपळाई गेलेली. कारण त्यांना सांगता आलं नाही. पण ही साधी चरबी नाही आणि पाचही जणींत एकच काहीतरी घडतं आहे, हे त्यांनी ओळखलं. वाढलेल्या वजनाचा आरोप रुग्णावरून उचलून रोगावर ठेवण्याच्या दिशेने पडलेल्या पहिल्या स्पष्ट पावलांपैकी हे एक.

पुढे चार-पाच वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी अशा रुग्णांच्या त्वचेत बुळबुळीत, श्लेष्मासारखा पदार्थ साठलेला असतो असं दाखवलं आणि आजाराला मिक्सडिमा हे नाव दिलं. म्हणजे श्लेष्माची सूज. हातात आता नाव होतं, लक्षणं होती, पण कारण नव्हतं. ते सापडायला मदत झाली ती एका शल्यचिकित्सकाच्या फार चांगल्या हाताची.

बर्नची मुलगी

स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात जमिनीत आयोडिन कमी, त्यामुळे गलगंड घरोघरी. तिथल्या बर्न शहरात थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रिया करत. त्या काळात ही शस्त्रक्रिया म्हणजे रक्तस्राव आणि मृत्यू. कोखर इतके सावध आणि स्वच्छ काम करत की त्यांच्या कारकिर्दीत मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याखाली आलं. टेबलावर रुग्ण मरत नव्हते, टाके काढून घरी जात होते. सर्वांच्या दृष्टीने काम फत्ते.

१८७४ साली त्यांनी ११ वर्षांच्या एका मुलीची थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली. काही काळाने मुलीच्या गावच्या डॉक्टरने कळवलं की शस्त्रक्रियेनंतर मुलगी पार बदलली आहे, मंद झाली आहे. ही मुलगी आणि तिची धाकटी बहीण आधी इतक्या सारख्या दिसत की लोकांचा गोंधळ होई. काही वर्षांनी धाकटी उंच, देखणी तरुणी झाली होती. थोरली खुजी, सुजलेली, जडशीळ.

कोखरनी तेव्हा एक गोष्ट केली, जी करण्याची त्यांच्यावर कोणाची सक्ती नव्हती. त्यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावलं. संपूर्ण ग्रंथी काढलेले आणि पुन्हा तपासायला मिळालेले १८ रुग्ण होते. त्यांतले १६ त्याच वाटेने गेलेले निघाले. थकवा, थंडी, सूज, मंदपणा. १८८३ साली त्यांनी हे सगळं जर्मन शल्यचिकित्सकांच्या परिषदेत स्वतः मांडलं आणि कर्करोगासारखं कारण नसेल तर संपूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. जिनिव्हाच्या जाक-लुई रेव्हरदँ यांनी आदल्याच वर्षी असंच काही नोंदवलं होतं.

गंमत म्हणजे कारण सांगताना कोखर चुकले. श्वासनलिकेला इजा होऊन प्राणवायू कमी पडत असावा, असा त्यांचा अंदाज होता. ग्रंथी स्वतः काही काम करते, हे अजून कोणाच्या गळी उतरत नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेलिक्स सेमन नावाच्या घशाच्या डॉक्टरने लंडनच्या क्लिनिकल सोसायटीत तिन्ही धागे एकत्र बांधले. गल आणि ऑर्ड यांच्या सुजलेल्या बायका, डोंगराळ भागातली जन्मतः खुजी आणि मंद मुलं, आणि कोखरचे रुग्ण, या सगळ्यांत थायरॉइडचं काम बंद पडलेलं आहे, असं तो म्हणाला. लोक हसले. पण सोसायटीने समिती नेमली.

समित्यांची चेष्टा करायची आपल्याला सवय आहे. या समितीने मात्र साडेचार वर्षं काम केलं. मिक्सडिमाच्या शंभरहून अधिक रुग्णांच्या नोंदी जमवल्या, व्हिक्टर हॉर्स्ली यांचे माकडांवरचे प्रयोग पाहिले आणि युरोपातल्या शल्यचिकित्सकांना पत्रं लिहून विचारलं, की ग्रंथी काढलेल्या तुमच्या रुग्णांचं पुढे काय झालं? १८८८ साली अहवाल आला. सेमनचं म्हणणं बरोबर होतं.

रुमालातून पिळलेलं औषध

मरे यांची ती ४६ वर्षांची बाई इथे गोष्टीत येते. ग्रंथीचा स्राव कमी पडतो ना, मग तो बाहेरून देऊन पाहू, असं या तरुण डॉक्टरने ठरवलं. १८९१च्या फेब्रुवारीत त्यांनी हा बेत स्थानिक वैद्यकीय संघटनेत मांडला, तेव्हा एका ज्येष्ठाने टोमणा मारला, की मग मज्जारज्जूच्या आजारावर मज्जारज्जू घोटून द्या की! मरे यांनी ताज्या कापलेल्या मेंढीची ग्रंथी बारीक चिरली, ग्लिसरीन आणि कार्बोलिक ॲसिडच्या पाण्यात भिजत ठेवली, उकळलेल्या रुमालातून पिळली आणि तो अर्क बाईंच्या कातडीखाली टोचायला सुरुवात केली. काही महिन्यांत सूज उतरली, बोलणं मोकळं झालं, चालताना घाम यायला लागला, पाळी परत सुरू झाली. पुढच्याच वर्षी दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं की टोचायचीही गरज नाही, ग्रंथी खाल्ली तरी चालते. त्यांतल्या एकाची पाककृती अशी: अर्धी ग्रंथी हलकी परतून, बारीक करून, बेदाण्यासारख्या फळाच्या जेलीबरोबर, आठवड्यातून एकदा.

१९१४च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतलं सक्रिय द्रव्य वेगळं काढलं. १९२७ साली ते प्रयोगशाळेत तयार झालं. आज सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती बारीकशी गोळी तीच.

गोळी सगळ्यांनाच

गोष्ट इथे संपती तर सुखान्त होती. पण १८९०च्या दशकातच कोणाच्या तरी ध्यानात आलं की ही ग्रंथी खाल्ल्यावर आजार नसलेल्या माणसाचंही वजन उतरतं. उतरतं खरं, पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि हृदय धडधडत राहतं. ग्रंथीची भुकटी घातलेली पेटंट औषधं बाजारात आली. अमेरिकेतल्या ‘मार्मोला’ या गोळीविरुद्ध तिथल्या व्यापार आयोगाने कारवाई केली, तर १९३१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आयोगाचं काम स्पर्धक व्यापाऱ्यांना संरक्षण देणं आहे, गिऱ्हाइकाला नव्हे. कायदा बदलायला १९३८ उजाडलं. त्यानंतरही थायरॉइड, ॲम्फेटमिन आणि लघवीची औषधं एकत्र केलेल्या रंगीबेरंगी गोळ्या १९६०च्या दशकापर्यंत तिथे विकल्या जात होत्या.

डॉक्टरांमध्येही ‘ग्रंथींमुळे आलेला लठ्ठपणा’ हे निदान सैल हाताने वाटलं जाऊ लागलं. याला वैतागून मिशिगन विद्यापीठाच्या लुई न्यूबर्ग यांनी १९३०च्या सुमारास काटेकोर प्रयोग केले. कमी खाऊनही वजन घटत नाही म्हणणारे रुग्ण त्यांनी देखरेखीखाली ठेवले, अन्न मोजलं, पाणी मोजलं. अनेकांची चरबी घटत होती, पण शरीर काही काळ पाणी धरून ठेवत असल्याने काटा हलत नव्हता. निष्कर्ष: हिशोब कोणालाच चुकलेला नाही, जास्त खाल्ल्याशिवाय चरबी वाढत नाही. प्रयोग उत्तम होते. पण न्यूबर्ग तिथे थांबले नाहीत. माणसं जास्त का खातात, याचं उत्तर त्यांनी अज्ञान आणि चैनीची आवड अशा मानवी दुबळेपणात शोधलं. ते त्यांच्या तराजूने मोजलेलं नव्हतं. तरी पुढची कित्येक दशकं दवाखान्यांनी त्यांच्या मोजमापाबरोबर हा शेराही उचलला.

माझ्या धंद्यात या शेऱ्याचा सख्खा भाऊ आहे. ग्राहकाने तक्रार टाकली की आम्ही ती आमच्या लॅपटॉपवर करून बघतो, ‘इकडे तर चालतंय’ असं लिहितो आणि तिकीट बंद करतो. दहापैकी सात वेळा खरोखरच त्याच्याकडून काहीतरी चुकलेलं असतं. उरलेल्या तीन वेळांसाठी लॉग उघडून बघावे लागतात, आणि लॉग बघायला वेळ लागतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईचं वजन दीड वर्षात सहा किलोंनी वाढलं. ओळखीपाळखीत ‘तब्येत सुधारली हं’ असं म्हणून झालं. नेहमीच्या डॉक्टरांनी रात्रीचा भात आणि चहातली साखर बंद करायला सांगितली. ती आधीच बंद होती. आईने मग दुधाचा हिशोब लिहितो तशा कॅलेंडरच्या चौकटींत भाकऱ्या लिहायला सुरुवात केली: दीड, दीड, एक, दीड. तीन महिन्यांची पानं तिने डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी हसून, ‘अधूनमधून तोंडात टाकलेलंही लिहा,’ असं सांगितलं. पुढे त्यांच्या जागी काही दिवसांसाठी एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांनी वजनाविषयी काहीच विचारलं नाही. ‘काकू, तुमचा आवाज पहिल्यापासून असाच आहे का?’ एवढंच विचारलं आणि टीएसएचची चाचणी लिहून दिली. गोळी सुरू झाल्यावर आईची थंडी गेली, मलावरोध गेला, आवाज परत आला. सहापैकी तीन किलो उतरले. तीन राहिले.

ते राहिलेले तीन किलोही सांगायला हवेत. थायरॉइड मंदावल्याने वाढणारं वजन बहुधा थोडंच असतं, आणि त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो. वीस-पंचवीस किलोंचा सगळा दोष या ग्रंथीवर टाकता येत नाही.

खाल्लं, पण का?

एका ग्रंथीचा शोध लागल्यावर बाकीच्यांकडे लक्ष गेलं. अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी १९१२ साली एका २३ वर्षांच्या तरुणीची नोंद केली. चेहरा, पोट आणि मानेमागे चरबी, हातपाय मात्र बारीक. १९३२ साली असे बारा रुग्ण मांडून त्यांनी दोष मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीतल्या छोट्या गाठीत असल्याचं सांगितलं. या आजारात शरीरात कॉर्टिसॉल वाढतं. १९४८-४९मध्ये संधिवातावर कॉर्टिसोन वापरायला सुरुवात झाली. ते शोधणाऱ्यांतही केंडॉल होतेच. आखडलेले रुग्ण चालू लागले, आणि काही महिन्यांत त्यांचेही चेहरे चंद्रासारखे गोल झाले. गल यांची उपमा आता वैद्यकीय पुस्तकांत औषधाचा दुष्परिणाम म्हणून आली. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं यांनी वजन वाढतं, हे आज माहीत आहे. तरी ‘सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ हा प्रश्न ‘काय खाता?’च्या आधी क्वचितच येतो. १९३५ साली शिकागोत स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी अनियमित पाळी आणि अंडाशयात गाठी असलेल्या सात बायकांची नोंद केली. त्यांतल्या काही स्थूल होत्या. तोच आजचा पीसीओएस.

न्यूबर्गनी ज्या प्रश्नाला दुबळेपणा म्हणून मिटवलं होतं, त्याचं उत्तर मात्र एका उंदराकडून आलं. १९४९ साली अमेरिकेच्या मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत थांबता न थांबता खाणारे, अवाढव्य उंदीर जन्माला आले. ‘पोट भरलं’ असं मेंदूला सांगणारं काहीतरी रक्तात असावं, हे डग्लस कोलमन यांनी पुढे प्रयोगांतून दाखवलं. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते जनुक शोधलं. चरबीच्या पेशींतूनच पाझरणाऱ्या त्या संप्रेरकाचं नाव लेप्टिन.

तीन वर्षांनी इंग्लंडमधल्या एका पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली दोन चुलत भावंडं तपासली गेली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. दोघांच्याही रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतं. मुलं खातच होती, भरपूर खात होती. न्यूबर्गचा तराजू इथेही बरोबरच ठरला असता. पण त्यांची भूक खरी होती आणि ती कशानेच भागत नव्हती. मुलीला लेप्टिनची रोज सुई सुरू झाली. तिला कोणी उपदेश केला नाही, ताट ओढून घेतलं नाही. जेवण आपोआप कमी झालं आणि वर्षभरात १६ किलोंहून जास्त वजन उतरलं. असे रुग्ण जगात फार थोडे आहेत, आणि सामान्य लठ्ठपणावर लेप्टिन औषध म्हणून चालत नाही. तरीही ‘खातो म्हणून वाढतो’ याच्यापुढे ‘आणि खातो कशामुळे?’ हा प्रश्न रास्त असतो, एवढं त्या मुलीने कायमचं सिद्ध केलं.

या दीडशे वर्षांत वैद्यकाने आलटून पालटून दोन सोपे रस्ते धरले. एकदा रुग्णाला खोटं ठरवलं, एकदा सगळ्यांना एकच गोळी विकली. खरी प्रगती झाली ती दर वेळी कोणीतरी बसून नोंदी तपासल्या तेव्हा. न्यूबर्गचं पाणी मोजणं आणि कोखरचं जुन्या रुग्णांना परत बोलावणं हे एकाच जातीचं काम आहे. फरक एवढाच, की कोखर आपल्या यशस्वी ठरलेल्या शस्त्रक्रियांकडे संशयाने बघायला तयार होते.

बर्नच्या त्या मुलीची थायरॉइड ग्रंथी काढली गेली त्यानंतर १७ वर्षांनी मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क रुमालातून पिळला. कोखर यांना १९०९ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं ते थायरॉइडवरच्या कामासाठीच. शस्त्रक्रियेइतकंच त्या कामात हेही होतं, की गावच्या डॉक्टरचा निरोप आला तेव्हा त्यांनी तो बाजूला टाकला नाही.